‘भूमिगत’, ‘हद्दपार’ आणि गोकुळाबाहेरचे मूल

प्रतिकाराचे साहित्य वाचताना वाचक आपल्या भाषेने आधीच घडवलेली एक चौकट बरोबर आणीत असतो. ही चौकट संहितेला अर्थ देते, तशीच ती संहितेतील काही अर्थांना अटकावही करते. दुसऱ्या महायुद्धातील ज्यू कुटुंबांच्या आत्मकथनांचे मराठी वाचन हे या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय. प्रतिकार करणारे आईबाप, त्यांची मृत्युछावणीकडे झालेली रवानगी आणि परक्या घरात लपवून वाचवलेले मूल असा या कथनांचा त्रिपदरी आशय असतो. या तिन्ही पदरांसाठी मराठीत शब्द तयार आहेत. ते किती पुरतात आणि कोठे अपुरे पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी मुरबाड-शहापूरचा परिसर मुद्दाम समोर ठेवला आहे. कारण महायुद्धाच्या त्याच वर्षांत येथील डोंगरपट्ट्यात प्रतिकाराची एक स्वतंत्र भाषा घडली आणि ती अजूनही जिवंत आहे.

माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (जन्म १९१२) यांनी १९४२च्या आंदोलनात ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईला वीज पुरवणारे मनोरे पाडणे हे दस्त्याचे प्रमुख काम होते. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले. या घटनेने ‘भूमिगत’ या शब्दाला येथे जो अर्थ दिला, तो कर्तृत्ववाचक आहे. भूमिगत होणारा माणूस स्वतःच्या निर्णयाने दृष्टीआड होतो, त्याचे नाव अधिकच गाजते आणि मरणानंतर ते स्मारकावर कोरले जाते. लपणे ही येथे लढण्याची रीत असते. लपवल्या गेलेल्या मुलाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याने काही केलेले नसते. त्याचा जन्म हाच त्याचा गुन्हा ठरलेला असतो. त्याचे नाव गाजत नाही, ते पुसले जाते.

‘हद्दपार’ या शब्दाचेही तसेच आहे. वारली आंदोलनाच्या काळात परुळेकर दांपत्यावर ठाणे जिल्ह्याच्या बंदीचे हुकूम निघाले. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) वाचणाऱ्याला ही हद्दपारी ओळखीची असते. तीत विशिष्ट व्यक्तीवर हुकूम निघतो, एक सीमा आखली जाते, आणि सीमेपलीकडे जगणे शक्य असते. परतणेही शक्य असते. फ्रान्समधून १९४२ ते १९४४ या काळात सुमारे ७६ हजार ज्यूंना पूर्वेकडे नेण्यात आले, त्यांपैकी जेमतेम अडीच हजार परतले. या प्रकाराला ‘हद्दपारी’ म्हणताच एक दंडविधान आणि त्यामागचे काही ना काही कृत्य आपण नकळत गृहीत धरतो. अनुवादकाची ही चूक म्हणता येणार नाही. भाषेच्या अनुभवाचीच ती मर्यादा आहे. कोकणातील बेने इस्रायल समाज मराठी बोलत आला, ठाण्यात त्याचे सिनेगॉग १८७९पासून उभे आहे. मराठीच्या अनुभवात ज्यू हा शेजारी आहे, पाठलागाचा विषय झालेला माणूस नव्हे. म्हणूनच या अनुभवाला नेमका शब्द देण्याची वेळ मराठीवर आली नाही.

तिसऱ्या पदराच्या बाबतीत अडचण शब्दापेक्षा खोल आहे. लपवलेल्या मुलाची मराठी मनातील आदिकथा म्हणजे कृष्णजन्म. बंदिवान आईबाप, रात्रीची यमुना, परक्या आईचे दूध आणि क्रूर राजा हे सारे घटक तेथे आहेत. पण गोकुळातले मूल मोठे होऊन मथुरेला परतते, कंसाला मारते आणि देवकी-वसुदेवांना सोडवते. लपवण्याचे सार्थक परतण्यात होते. सॉल फ्रीडलेंडर या इतिहासकाराचे १९७८चे आत्मकथन या अपेक्षेला छेद देते. १९३२ साली प्रागमध्ये जन्मलेल्या या मुलाला फ्रान्समधील एका कॅथलिक संस्थेत नव्या नावाने आणि नव्या धर्माने ठेवण्यात आले. आईबाप स्विस सीमेवरून परत पाठवले गेले. लहान मूल सोबत असते तर त्या दिवसांतील नियमानुसार त्यांना प्रवेश मिळाला असता. मुलाला वाचवण्याची कृतीच त्यांच्या नाशाला कारण झाली. हे मूल पुढे कोणाला सोडवायला परतणार? यशोदेचा प्रश्नही येथे उलटा होतो. फिनाली बंधूंच्या प्रकरणात आश्रय देणाऱ्या बाईने मुलांचा बाप्तिस्मा करून त्यांना नातेवाइकांकडे देण्याचे नाकारले, आणि तो वाद १९५३पर्यंत चालला. मराठीत परक्याकडे सांभाळायला दिलेल्या वस्तूला ‘ठेव’ म्हणतात. मूल ही ठेव आहे की दान, हा प्रश्न गोकुळाच्या कथेत असा चिघळत नाही.

या अनुभवाला कथनाचे कोणते रूप पेलेल? जॉर्ज पेरेक यांच्या ‘डब्ल्यू’ (१९७५) या पुस्तकात एक प्रकरण बालपणाचे, तर एक खेळांना वाहिलेल्या काल्पनिक बेटाचे, अशी योजना आहे. दोन भागांमधील पानावर कंसातली तीन टिंबे तेवढी छापली आहेत. पेरेक यांच्या आईला फेब्रुवारी १९४३मध्ये, म्हणजे सिद्धगडानंतर सहा आठवडे उलटण्याच्या आतच, ऑशविट्झकडे नेण्यात आले. ती टिंबे म्हणजे निवेदकाला न दिसलेला, म्हणून न सांगता येणारा क्षण. पोवाड्याला अशी रिकामी जागा परवडत नाही. हुतात्म्याचा शेवटचा क्षण हाच त्याचा कळस असतो.

दोन्ही अनुभवांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. सिद्धगडावर माणसे कृतीसाठी मारली गेली, युरोपात जन्मासाठी. हा भेद पुसला तर दोन्हींवर अन्याय होईल. तरीही पेरेक-फ्रीडलेंडर वाचून सिद्धगडाकडे परतणाऱ्या वाचकाला एक गोष्ट वेगळी दिसू लागते. जंगलातील दस्ता महिनोन् महिने टिकतो, तो कोणीतरी भाकरी पोचवतो, कोणीतरी पाहूनही गप्प राहतो म्हणून. शहापूरच्या माहुलीपासून सिद्धगडापर्यंतच्या पट्ट्यात ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वस्त्या आहेत. आश्रय देणाऱ्याचे गप्प राहणे आपल्या प्रतिकारकथेत क्रियापद होऊ शकलेले नाही; मनोरे पाडणे तेवढे झाले. लपवलेल्या मुलाच्या साहित्यात मात्र तेच मुख्य क्रियापद आहे: दार उघडणारी बाई, खोटे नाव उच्चारणारा शिक्षक, आणि आपले मूल दुसऱ्याच्या हाती देणारी आई. या आईच्या कृतीला प्रतिकार म्हणण्याची तयारी आपल्या समीक्षेने केली, तर परक्या संहितेबरोबरच मुरबाडच्या जंगलातील अनाम माणसेही आपल्याला वाचता येऊ लागतील.