पंडितेने पांडित्य कुठे ठेवले?

पंडिता रमाबाईंवरचे मराठी लेखन बहुधा 1889 च्या आसपास रंगते. 'स्त्रीधर्मनीति' (1882), इंग्रजीतले 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (1887) आणि 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (1889) या पुस्तकांची चर्चा होते, शारदा सदनाचा वाद येतो आणि मग लेखकाचा सूर बदलतो. केडगावच्या रमाबाई म्हणजे प्रार्थना, उपदेश, मिशन. तिथे विचार संपला असे गृहीत धरून आयुष्याची उरलेली पंचवीस वर्षे दोन परिच्छेदांत उरकली जातात. भाविक ख्रिस्ती चरित्रकार याच्या उलट टोकाला उभे आहेत. त्यांच्या लेखी पांडित्य हा रमाबाईंचा अहंकार होता, देवाने तो मोडला आणि तिथून खरे चरित्र सुरू झाले. गंमत अशी, की दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे : श्रद्धा घरात आली तशी बुद्धी मागच्या दाराने निघून गेली.

मला हे पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी ख्रिस्ती नाही. विद्यापीठीय अर्थाने संशोधकही नाही. बारावीनंतर छापखान्यात लागलो, खिळे जुळवण्याचे शेवटचे दिवस पाहिले आणि पुढे पंचवीस वर्षे दुसऱ्यांची मुद्रिते तपासली. एका चर्चासत्रात माझे टिपण वाचून झाल्यावर पहिला प्रश्न आला तो "तुमचे मार्गदर्शक कोण?" असा. टिपणात काय आहे, हे कोणी विचारले नाही. तेव्हा राग आला होता. पुढे पौलाची पत्रे वाचताना तो प्रसंग पुन्हा आठवला आणि वाटले, हा प्रश्न फार जुना आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले ते इ. स. 54-55 च्या सुमारास. करिंथ हे दोन बंदरांचे, नव्या पैशाचे शहर. जुने गाव रोमनांनी उद्ध्वस्त केले होते आणि इ. स. पूर्व 44 मध्ये तिथे नवी वसाहत उभी राहिली. अशा गावात वक्तृत्वाला भाव असतो. मंडळीत तट पडले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवीत होता, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा, फर्डा बोलणारा. म्हणजे कोणाचा गुरू मोठा, या प्रश्नावरून भांडण पेटले होते. मानवी शहाणपणावर नव्हे तर देवाच्या सामर्थ्यावर विसंबा, हे पौलाचे सांगणे या भांडणाला दिलेले उत्तर आहे. तुमच्यात विद्वान किती, सत्ताधारी किती, कुलीन किती, असे तो विचारतो आणि फारसे नाहीत याची आठवण करून देतो. क्रूसावर मेलेला माणूस हा देवाचा संदेश असेल, तर पदव्या आणि घराणी यांच्या जोरावर कोणाला ताठा मिरवता येणार नाही, असा त्याचा रोख आहे.

हा संदर्भ काढून टाकला की उरते ते एक सोयीचे वाक्य : विचार करू नका, विश्वास ठेवा. पौल असे म्हणत नाही. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, प्रौढांमध्ये आपणही ज्ञानाची भाषा बोलतो, असे तो सांगतो. शिवाय शहाणपणाच्या विरोधातली त्याची मांडणी पुरेपूर तर्कशुद्ध आणि घोटीव आहे. त्याचा आक्षेप शहाणपणावर नसून शहाणपणाला दिलेल्या जागेवर आहे. ते हत्यार म्हणून चालेल, सिंहासन म्हणून नाही.

हीच फूटपट्टी मी रमाबाईंना लावून पाहतो.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीला 1878 मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. त्याआधीचा काळ मात्र त्या पदव्यांना शोभेसा नव्हता. शास्त्रीबुवांचे कुटुंब पुराणे सांगत देशभर पायी हिंडत होते. दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण एकामागून एक गेली. रमाबाईंनी पुढे या दिवसांविषयी लिहिले, त्यात भुकेपेक्षाही एक गोष्ट अधिक बोचते. हाताशी होते ते देवळांतल्या अनुष्ठानांत आणि दानात संपले. शारीरिक काम मुलांना कोणी शिकवले नव्हते आणि भीक मागायला प्रतिष्ठा आड येत होती. ग्रंथ पाठ होते, देवावर भरवसा होता आणि घरात दाणा नव्हता. देवावर विसंबण्याचा असा एक प्रकार रमाबाईंनी घरातच पाहिला होता आणि त्याची किंमत तीन जिवांनी मोजली होती. केडगावच्या रमाबाईंना भाबडे म्हणण्याआधी हे लक्षात घेतले पाहिजे.

ख्रिस्ती धर्माकडे त्या आल्या, त्या वाटेवरही तर्कच होता. नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे यांचा त्यात मोठा वाटा आहे. काशीत वाढलेले हे शास्त्री 1848 मध्ये ख्रिस्ती झाले. 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी हिंदू दर्शनांचे खंडन दर्शनांच्याच भाषेत केले. पण आयुष्यभर शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. ज्या तर्काने त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत आणले, तोच तर्क रात्री उलटून प्रश्न विचारत राहिला. गोऱ्यांच्या लेखनाने रमाबाईंची बौद्धिक खात्री पटली आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढच्या तीन वर्षांतला त्यांचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनी जुळवून ठेवला होता. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. ही पत्रे वाचताना मजा येते. जेराल्डीन यांना आज्ञाधारक शिष्या हवी होती. रमाबाई त्रैक्यावर प्रश्न विचारतात, ख्रिस्ताच्या दैवी स्वरूपावर वाद घालतात. कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटले, ते दुसऱ्याच्या हाती मान द्यायला नव्हे, असे ठणकावतात. देवाचे वचन आणि एखाद्या चर्चचे मत यांत त्या रेघ ओढतात आणि ती रेघ कुठे ओढायची, हे स्वतः ठरवतात.

मग मोड येतो. 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. याच कबुलीवर वर सांगितलेले दोन्ही पक्ष आपापला अर्थ चढवतात. एक म्हणतो, इथे बुद्धीचा पराभव झाला. दुसरा म्हणतो, इथे बुद्धीचे विसर्जन झाले. पण त्या नेमके काय नाकारतात ते पाहावे. पटणे म्हणजे पावणे, ही समजूत त्या नाकारतात. सिद्धान्त मान्य केल्याने माणूस बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. गोऱ्यांचा तर्क खोटा होता, असे त्या कुठेच म्हणत नाहीत. तो दारापर्यंत आणून सोडतो, एवढेच.

या बदलाचे व्यवहारातले रूप केडगावला दिसते. 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कितीतरी मुली पालकांनी काढून नेल्या. सदनाला आधार देणाऱ्या बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षांची हमी 1898 मध्ये संपत होती. मंडळ नव्या रूपात पुढे चालले. पण 1896-97 च्या दुष्काळातून मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे 300 मुली आणि 1900 च्या सुमारास दीड-दोन हजारांच्या घरात गेलेला मुक्तीचा पसारा कोणत्याही हमीत बसणारा नव्हता. जॉर्ज म्यूलर आणि चायना इनलँड मिशन यांच्या कहाण्या रमाबाईंनी वाचल्या होत्या. माणसांकडे हात न पसरता देवाकडे मागायचे, ही त्यांची रीत त्यांनी उचलली.

आता मुक्तीच्या आवारात डोकावून पाहा. विहिरी खणल्या जात आहेत. शेती आहे, विणकाम आहे, तेलाचा घाणा आहे, छापखाना आहे. प्रत्येक मुलीच्या हाताला काम आहे. वडिलांच्या घरात जे नव्हते, ते नेमके इथे आहे. प्रार्थना पहाटे होते आणि दिवस उजाडला की फावडे उचलले जाते. देवाच्या सामर्थ्यावरचा हा भरवसा हातपाय गाळून बसणाऱ्याचा नाही. तो माणसांच्या मेहेरबानीतून सुटलेल्याचा आहे. वाँटेजच्या सिस्टर, पुण्याचे सुधारक, बोस्टनचे देणगीदार, सगळ्यांची एकेक अट होती. 'मी देवावर विसंबते' या वाक्याने रमाबाईंनी त्या सगळ्या अटींना एकदम उत्तर दिले. एकोणिसाव्या शतकातल्या विधवा बाईला याहून भक्कम उत्तर कोणते मिळाले असते, हे मला सुचत नाही.

आता माझ्या मूळ विषयाकडे येतो, त्यांच्या बायबलकडे. मराठीत बायबल होते. पण रमाबाईंना त्याची भाषा संस्कृतजड वाटत होती, त्यातल्या अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले दिसत होते, आणि खेड्यातून आलेल्या मुलींना ते कळत नव्हते. म्हणून वय झाल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि जुना व नवा करार मुळावरून साध्या मराठीत आणायला बसल्या. खिळे जुळवले मुक्तीतल्या बायकांनी, छपाई केली त्यांनीच. 'सरस्वती' ही पदवी मिळालेल्या बाईने संस्कृतचा साज मुद्दाम उतरवून ठेवला. याला पांडित्याचा त्याग म्हणायचे का? संस्कृत येत नसणाऱ्याला संस्कृत शब्द टाळता येत नाहीत. कोणता शब्द कुठून आला आणि कोणता अर्थ घेऊन आला, हे ज्याला कळते त्यालाच ते जमते. पांडित्य इथे पानावर दिसत नाही, कारण ते पानाच्या खाली पायासारखे घातलेले आहे. पौलाच्या फूटपट्टीने पाहिले तर ते सिंहासनावरून उतरून कामाला लागले आहे.

भाषांतर म्हणून हे काम निर्दोष नाही. मुळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याच्या हट्टाने वाक्ये अडखळतात. साधेपणा आणि शब्दनिष्ठा ही दोन व्रते एकदम पाळता येत नाहीत; एकाचे पारणे फिटले की दुसरे मोडते. चर्चमध्येही हे भाषांतर रुळले नाही. पण वाङ्मयाच्या इतिहासात त्याला दोन ओळींहून अधिक जागा मिळू नये, हे मात्र चुकीचे आहे. सामान्य बाईला कळेल अशी गद्य मराठी घडवण्याचा हा मोठा प्रयोग होता आणि तो एका बाईने बायकांच्या हातांनी केला.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. माणसांच्या अधिकारातून सुटण्यासाठी रमाबाईंनी देवाचा आधार घेतला, हे खरे. पण मुक्तीत त्या स्वतःच अधिकार झाल्या. 1905 च्या जूनपासून तिथे पुनरुज्जीवनाची लाट आली. शेकडो मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना त्यात देवाचे सामर्थ्य दिसले. जेराल्डीनपुढे प्रश्न विचारण्याचा जो हक्क त्यांनी बजावला, तो दुष्काळातून उचलून आणलेल्या दहा वर्षांच्या मुलीला कितपत होता? त्या मुलींचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात ते संस्थेच्याच अहवालांतून आणि पत्रकांतून. जिचे अन्न, वस्त्र आणि छप्पर एकाच हातून येते, तिचे 'मला पटले' हे म्हणणे किती मोकळे, हे ठरवणे अवघड आहे. देवावर विसंबणे दुबळ्याच्या तोंडी बंड असते. तेच वाक्य सांभाळणाऱ्याच्या तोंडी आले की त्याचे वजन बदलते. रमाबाईंना हा धोका पुरता दिसला होता, असे त्यांच्या लेखनावरून मला वाटत नाही. त्यांच्यावरचे माझे प्रेम हे लिहिण्याच्या आड येऊ नये.

1921 च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्तीच्या परंपरेत अशी आठवण सांगतात, की शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे म्हणून त्यांनी प्रार्थना केली आणि काम संपल्यावरच डोळे मिटले. भाविक ही आठवण चमत्कार म्हणून सांगतात. जन्मभर मुद्रिते तपासलेल्या माणसाला तिच्यात दुसरेच काही दिसते. त्यांनी देवाकडे वेळ मागितला. मुद्रितांतल्या चुका देवाने दुरुस्त कराव्यात, असे मागितले नाही. ते काम त्यांनी स्वतःकडे ठेवले होते.