व्हर्नची चांद्रकथा : आकडा आणि विनोद

ज्यूल्स व्हर्न हा मराठी वाचकाला मुख्यतः भा. रा. भागवतांच्या कुमारवाङ्मयातील अनुवादांमुळे परिचित झाला. साहसकथाकार आणि अंतराळयुगाचा भविष्यवेत्ता या दोन बिरुदांपलीकडे त्याची चर्चा सहसा जात नाही. त्याचा विनोद तर केवळ तोंडीलावणे समजला जातो. ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ (१८६५) ही कादंबरी बारकाईने वाचल्यास हा समज टिकत नाही. तिच्यातील उड्डाणाचा उत्साह आणि तिच्यातील विनोद एकाच भाषिक घडणीतून उत्पन्न झाले आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ही घडण म्हणजे आकडेवारीचे वाक्य. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे बाल्टिमोरच्या ‘गन क्लब’चे तोफबाज सभासद निरुद्योगी झाले आहेत. त्यांची ओळख करून देताना निवेदक हिशेब मांडतो : चार जणांमागे पुरता एक हातही नाही, आणि सहा जणांमागे पाय दोनच. पुढे चंद्रावर गोळा सोडणाऱ्या तोफेचे वर्णन येते : लांबी ९०० फूट, गनकॉटन ४,००,००० पौंड, गोळ्याचा आरंभीचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड. दोन्ही ठिकाणी संख्या, नाम आणि निःशंक विधान एवढाच ऐवज आहे. ‘कदाचित’ नाही, ‘जणू’ नाही, उद्गारही नाही. पहिल्या ठिकाणी आपण हसतो, दुसऱ्या ठिकाणी विश्वास ठेवतो. वाक्यरचना तीच राहते. बदलते ती केवळ मोजली जाणारी वस्तू. वर्गणीच्या यादीत रशियाचे ३,६८,७३३ रूबल जमा होतात आणि इंग्लंडच्या नावे एक फार्दिंगही पडत नाही, तेव्हा हिशेब आणि उपहास एकाच यादीत नांदतात.

हे आकडे पोकळ नाहीत. १२,००० यार्ड म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. मात्र ९०० फुटांच्या नळीत एवढा वेग गाठावयाचा तर गुरुत्वाच्या वीस हजारपटींहून अधिक त्वरण सोसावे लागेल, आणि व्हर्नने योजिलेली पाण्याची गादी प्रवाशांना वाचवू शकणार नाही. त्सिओल्कोव्स्की आणि ओबर्थ या दोघांनाही व्हर्नच्या वाचनाने स्फूर्ती मिळाली. दोघांनीही तोफ सोडून अग्निबाण स्वीकारला. आकड्यांच्या भाषेचे सामर्थ्य असे की, चुकीच्या यंत्रानेही योग्य उत्साह जागविला.

परंतु समीक्षेने येथेच थांबणे धोक्याचे आहे. भविष्यवेत्त्या व्हर्नचा गौरव करताना आपण फ्लोरिडा, तीन प्रवासी आणि प्रशांत महासागरातील अवतरण ही अपोलो मोहिमांशी जुळणारी साम्ये मोजतो, आणि पहिल्या प्रकरणातील हातपाय मोजावयाचे विसरतो. वस्तुतः खरे भाकीत तेथेच आहे : चंद्राकडे जाण्याची विद्या युद्धविद्येच्या घरात जन्मेल. १९४४ साली पॅरिस व लंडनवर पडलेले व्ही-२ अग्निबाण वेठबिगार कैद्यांच्या श्रमांतून तयार झाले होते. त्यांचे प्रमुख रचनाकार व्हेर्नर फॉन ब्राउन यांच्याच नेतृत्वाखाली सॅटर्न-५ सिद्ध झाला आणि १९६९ साली मनुष्य चंद्रावर उतरला. ज्या भाषेत वेग मोजला जातो, त्याच भाषेत तुटलेले अवयवही मोजले जातात, याची आठवण व्हर्नचा विनोद जागी ठेवतो. तो गाळला म्हणजे कादंबरी निव्वळ जाहिरात ठरते.

व्हर्नकडून ही आठवण सर्वत्र राखली गेली आहे, असे मात्र म्हणता येत नाही. मिशेल आर्दां या दिलखुलास फ्रेंच साहसवीराचा प्रवेश होताच उपहासाची धार बोथटते आणि तोफबाजांविषयी निवेदकाला ममत्व वाटू लागते. या सौम्यपणाचे परिमार्जन १८८९ च्या ‘सां देस्यू देसू’ या कादंबरीत झालेले दिसते. तेथे हाच गन क्लब उत्तर ध्रुवाखालील कोळशाच्या लोभाने प्रचंड तोफ डागून पृथ्वीचा आसच सरळ करू पाहतो. गणित करणारा मॅस्टन पृथ्वीचा परीघ मांडताना तीन शून्ये गाळतो, म्हणून बेत फसतो आणि जग वाचते. पूर्वी ज्या वाक्यांनी विश्वास निर्माण केला, त्यांचाच येथे पुरता पचका होतो. तंत्रज्ञानाच्या उत्साहाला व्हर्नने घातलेली ही मर्यादा आहे. ती त्याच्या विनोदातच आहे, आणि म्हणून तो विनोद गांभीर्याने वाचला पाहिजे.