तीन नावं आणि एक अपसेटर

मामा गेल्यावर त्याच्या कपाटातून रेसबुकांचा एक गठ्ठा आणि एक जाड वही निघाली. वहीत वर्तमानपत्रांतल्या शर्यतींच्या अंदाजांची कात्रणं चिकटवलेली होती आणि शेजारी पेन्सिलीच्या खुणा. मामा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होता. मोसमात एखाद्या रविवारी सकाळी तो पंचवटीनं मुंबईला जायचा आणि रात्री त्याच गाडीनं परत यायचा. घरात या विषयावर कुणी बोलत नसे. मामीनं गठ्ठा रद्दीत घालायला सांगितला, मी तो उचलून घरी आणला.

वही वाचायला घेतली तेव्हा मामाचं किती बुडालं ते शोधायचं होतं. त्याचा हिशेब वहीत कुठेच नाही. मग उरलं ते वाचलं, म्हणजे कात्रणं. चारेकशे कात्रणं सलग वाचल्यावर लक्षात आलं की हा एक लेखनप्रकार आहे. त्याचे नियम आहेत, लकबी आहेत, पळवाटाही आहेत. रोज इतकी माणसं पैसे हातात घेऊन तो वाचतात, तरी आपण त्याच्याकडे लेखन म्हणून कधी पाहिलेलं नाही.

आधी त्याचं चांगलं सांगतो. इतक्या थोड्या जागेत इतकी माहिती भरणारं गद्य मी फारसं वाचलेलं नाही. एका घोड्याला दीड-दोन ओळी मिळतात. त्यात मागच्या वेळी तो का हरला, आज अंतर वाढलंय की कमी झालंय, पाठीवर किती किलो आहेत, सुटताना आतला क्रमांक मिळालाय की बाहेरचा, जॉकी बदललाय का आणि सकाळच्या सरावात कसा पळाला, एवढं सगळं येतं. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवून सगळ्यांना बरोबरीत आणायचा प्रयत्न असतो. म्हणजे हँडिकॅपरनं ज्यांच्यातला फरक पुसून टाकलाय, त्यांच्यातला उरलेला फरक लेखकाला शोधायचा असतो. हे सोपं काम नाही. पुण्याचा पावसाळी मोसम आणि महालक्ष्मीचा हिवाळी मोसम यांत धावपट्टीचा ओलावा वेगळा असतो. ओल्या पट्टीवर कोण खुलतो आणि कोण रुततो हे लक्षात ठेवणारा लेखक खरोखर काहीतरी जाणत असतो.

सर्वोच्च न्यायालयानंही हे मान्य केलंय. 1996 मध्ये लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचा वंश, त्याची तयारी, जॉकी, वजन, अंतर यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, असा त्यामागचा विचार. म्हणजे कायद्याच्या नजरेत शर्यत आणि मटका यांच्यात जी भिंत आहे, ती या सदराच्याच भरवशावर उभी आहे. करखात्याला मात्र ही भिंत दिसत नाही. ऑक्टोबर 2023 पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला, आणि शर्यत कॅसिनोच्याच पंक्तीत बसली.

आता तक्रारी. पहिली तक्रार क्रियापदांची. शर्यतीच्या आधी घोडा ‘जिंकायला हवा’, ‘झुंज देईल’, ‘दुर्लक्ष करून चालणार नाही’. यांतलं एकही वाक्य खोटं ठरू शकत नाही. शर्यतीनंतर मात्र क्रियापदं ठाम होतात. जिंकला तर ‘अपेक्षेप्रमाणे’ जिंकला. हरला तर सुटताना अडखळला, रेलिंगला अडकला, जॉकीनं उशिरा हालचाल केली. यश लेखकाच्या नजरेचं आणि अपयश घोड्याच्या नशिबाचं. साहित्याच्या समीक्षेतही आपण हे करतो, पण तिथे वाचकाच्या खिशातले पैसे जात नाहीत.

दुसरी तक्रार रचनेची. प्रत्येक शर्यतीला तीन नावं असतात, वर एक ‘अपसेटर’. आठ घोडे पळत असतील तर डोळे मिटून तीन नावं लिहिली तरी जिंकणारा त्यांत असण्याची शक्यता आठात तीन. अपसेटर धरला तर आठात चार, म्हणजे निम्मी. त्यात ही नावं डोळे मिटून लिहिलेली नसतात, फेव्हरिट बहुधा त्यांत असतोच. त्यामुळे ‘आम्ही सांगितलेला घोडा आला’ हे वाक्य जवळजवळ रोज लिहिता येतं. वाचकाला मात्र एकाच नावावर पैसे लावायचे असतात.

तिसरी तक्रार मुळाशी जाणारी आहे. हे सदर चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देतं. कोण जिंकेल हा प्रश्न शर्यत नुसती बघणाऱ्याचा. पैसे लावणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: या भावाला हा घोडा घ्यावा का? सत्तरच्या दशकातला स्क्वॉन्डरर 19 पैकी 18 शर्यती जिंकला. त्याच्याबद्दलचा अंदाज बरोबर ठरवायला अभ्यास कशाला हवा? पण ‘तोच जिंकणार’ हे मैदानातल्या सगळ्यांना ठाऊक असेल, तर बरोबर असूनही हातात काय येणार?

टोटच्या पद्धतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ऑलेरनं ही पद्धत काढली: सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, त्यातून कपात काढायची आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. समजा, एक लाख रुपये जमले आणि कपात 20 टक्के आहे. उरले 80 हजार. एका घोड्यावर 40 हजार लागलेत, म्हणजे तो आला तर रुपयाला दोन रुपये. त्यानं निम्म्या वेळा जिंकावं तेव्हा कुठे बरोबरी होते. आता सकाळी सदरात तो घोडा ‘दिवसातला सर्वोत्तम’ म्हणून छापून आला आणि वाचकांनी आणखी 10 हजार त्याच्यावर लावले. एकूण एक लाख 10 हजार, कपात जाऊन 88 हजार, घोड्यावर 50 हजार, रुपयाला एक रुपया 76 पैसे. आता बरोबरीसाठी त्याला शंभरात 57 वेळा जिंकायला हवं. घोडा तोच, पट्टी तीच, जॉकी तोच. सल्ला मात्र छापल्यामुळेच महाग झाला. मी वाचलेल्या कात्रणांत ‘अमुक भावाच्या खाली घेऊ नका’ असं एकदाही दिसलं नाही.

माझं पोटापाण्याचं काम अंदाज बांधणाऱ्या प्रणाली लिहिण्याचं आहे, म्हणून बिल बेंटरबद्दल कुतूहल होतं. ऐंशीच्या दशकापासून हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीनं शर्यतींवर प्रचंड पैसा मिळवलेला हा माणूस. 1994 मध्ये त्यानं आपल्या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात तंत्राहून त्याची कबुली मला महत्त्वाची वाटली. घोड्यांची सगळी माहिती भरून बनवलेलं गणित एकटं पुरेसं नव्हतं. मैदानावरच्या गर्दीनं ठरवलेला भाव त्यात मिसळला तेव्हाच ते कामाचं झालं. मला दिसत नाही असं काहीतरी गर्दीला दिसतं, हे त्यानं आकड्यांत लिहून ठेवलं. आपल्या सदराचा लेखक हे मनातल्या मनातही मान्य करत नाही. गर्दी त्याचा वाचक असते, त्याचा स्रोत कधीच नसते.

इथवर लिहून मी थांबलो, कारण हे आरोप माझ्यावरही येतात. मी बनवलेली प्रणाली पडद्यावर एक नाव सगळ्यात वर दाखवते. दुसऱ्या नावात आणि त्यात केसाचा फरक असला तरी पहिलं ते पहिलंच. ‘यात मला कळत नाही’ असं दाखवायची सोय मी एकदा सुचवली होती. ती कुणाला नको होती, आणि मीही फार भांडलो नाही. वापरणाऱ्याला उत्तर लागतं, असं म्हणून आम्ही सगळे पुढे गेलो. सदराच्या लेखकालाही संपादक रिकामी जागा देत नसणार. सात शर्यती असतील तर सात अंदाज हवेत, मग त्यांतल्या तिघांत काही दिसो वा न दिसो.

म्हणून मामाच्या पेन्सिलीकडे परत गेलो. सुरुवातीच्या पानांवर सदरातल्या पहिल्या नावालाच गोल केलेला आहे. पुढे तो दुसऱ्या-तिसऱ्या नावाकडे सरकतो. मग नावांशेजारी भाव लिहायला लागतो, सदरात नसलेले, बहुधा बुकींच्या फळ्यावरून टिपलेले. शेवटच्या तीसेक पानांवर बऱ्याच शर्यतींवर आडवी रेघ आहे आणि शेजारी एकच शब्द: ‘सोडली.’ एका फेब्रुवारीतल्या कात्रणावर सात शर्यतींपैकी पाच सोडल्यात. त्यांत डर्बीही आहे. 1943 पासून चालत आलेली, 2400 मीटरची, वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत. तिच्यावर सदरात चार परिच्छेद आहेत. हा माणूस डर्बीच्या दिवशी मुंबईला गेला, इतकी गर्दी बघितली आणि डर्बी सोडली.

यानं त्याचे पैसे वाचले असं मी म्हणणार नाही. तितकं मला माहीत नाही, आणि मामीच्या चेहऱ्यावरून उलटच वाटतं. पण या वहीत दोन लेखक आहेत, एक छापील आणि एक पेन्सिलीचा, आणि समीक्षक म्हणून निवड करायची तर मी दुसऱ्याची करीन. छापील लेखकाला घोडे जास्त कळत होते. कधी बोलू नये हे पेन्सिलवाल्याला कळायला लागलं होतं, फक्त फार उशिरा.

वही रद्दीत घालणार नाही, एवढं मी मामीला सांगितलंय. ती काही बोलली नाही.