उत्तर आधी, प्रश्न नंतर : मराठी-उर्दू विषयांवरील संशोधन आराखड्यांची चिकित्सा

प्रास्ताविक

पीएच.डी.साठी नोंदणी करणारा किंवा एखाद्या लघु प्रकल्पासाठी अर्ज करणारा महाविद्यालयीन अध्यापक संशोधक म्हणून जो पहिला मजकूर लिहितो तो म्हणजे संशोधनाचा आराखडा. उर्दूत त्याला तहकीकी खाका म्हणतात. बारा-पंधरा पानांचा हा खाका बहुधा अंतिम तारखेच्या तोंडावर, ज्येष्ठ सहकाऱ्याचा जुना आराखडा समोर ठेवून लिहिला जातो. विषय बदलतो, मथळे तेच राहतात. पुष्कळदा मथळ्यांखालची वाक्येही तीच राहतात. आराखडा म्हणजे केवळ सोपस्कार, खरे काम मंजुरीनंतर, अशी एक समजूत यामागे असते.

ही समजूत महागात पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीने किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा कालावधी ठरवला आहे आणि आराखडा तपासून विषय निश्चित करण्याचे काम संशोधन सल्लागार समितीकडे दिले आहे. म्हणजे अध्यापकाच्या आयुष्यातील तीन ते सहा वर्षे या पानांवर तोललेली असतात. आराखडा नामंजूर झाला तर काही महिने वाया जातात. कच्चा आराखडा मंजूर झाला तर मात्र वर्षे वाया जातात.

आपल्या महाविद्यालयांतून मराठी आणि उर्दू-फारसी यांच्या संबंधांवर विषय घेण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. दोन्ही भाषा येणारे अध्यापक इतरत्र थोडेच असतात. म्हणून प्रस्तुत लेखात या वर्गातील एक नमुना विषय घेऊन आराखड्याच्या अंगांची तपासणी केली आहे : ‘मराठी भाषेवरील फारसीचा प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास’. हे शीर्षक कोणा एकाचे नाही. थोड्याफार फरकाने ते अनेकांचे आहे.

शीर्षक : क्षेत्र की प्रश्न?

या शीर्षकात क्षेत्र आहे, प्रश्न नाही. ‘प्रभाव’ म्हणजे शब्दसंग्रहावरील, प्रत्ययांवरील, वाक्यरचनेवरील की पत्रलेखनाच्या मायन्यांवरील? ‘मराठी’ म्हणजे महानुभावांच्या गद्यातील, पेशव्यांच्या दप्तरातील, की आज बेळगाव-बिदर पट्ट्यात बोलली जाणारी? कालखंड कोणता? ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट तर काहीच सांगत नाही. चिकित्सक नसलेला अभ्यास करण्याचे आश्वासन कोणी देत नाही.

शीर्षकाची परीक्षा सोपी आहे. त्याचे प्रश्नार्थक वाक्य करून पाहावे. ‘मराठीवर फारसीचा प्रभाव पडला काय?’ असे वाक्य झाले, तर उत्तर ‘होय’ हे कारकून, दप्तर, जमीन, तारीख हे शब्द रोज वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ज्याचे उत्तर ठाऊक आहे त्यासाठी तीन वर्षे खर्च करण्याचे कारण नाही.

पूर्वसंशोधनाचा आढावा : यादी की वाद?

नमुना आराखड्यात या मथळ्याखाली ग्रंथांची नावे, लेखकांची नावे आणि प्रत्येकाबद्दल ‘मौलिक कार्य केले आहे’ असा एक शेरा असतो. त्यानंतर ‘तथापि या विषयावर सखोल संशोधन झालेले नाही’ हे वाक्य येते. या विषयाच्या बाबतीत ते वाक्य खरे नाही.

शिवकालात रघुनाथपंतांच्या नावावर असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला आणि राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) फारसी आणि अरबी शब्दांपुढे मूळ भाषेची खूण केली. वि. का. राजवाडे यांनी वेगवेगळ्या काळांतील निवडक पत्रांतले फारसी व मराठी शब्द मोजले आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले फारसीचे मोठे प्रमाण पुढे उतरत गेल्याचे दाखवले. माधवराव पटवर्धनांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ मध्ये आला. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या परिणामाविषयी उर्दूत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्या काळी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे केंद्र औरंगाबादला होते. मराठीतील आराखड्यात बहुधा अब्दुल हक नसतात आणि उर्दूतील आराखड्यात राजवाडे नसतात. दोन्ही भाषा येणाऱ्या अध्यापकाच्या आराखड्यात तरी ही उणीव राहू नये.

परंतु नावे आली म्हणजे आढावा झाला असेही नाही. प्रत्येकाने काय केले आणि काय करायचे राहिले हे सांगणे म्हणजे आढावा. राजवाड्यांची मोजणी घ्यावी. ती मोजक्या पत्रांवर उभी आहे. सरकारी सनद आणि घरगुती पत्र यांत फारसी शब्दांचे प्रमाण एकाच वर्षीही वेगळे असणार. मग त्यांना दिसलेली घट काळामुळे आहे की पत्राच्या प्रकारामुळे? हा एक प्रश्न नीट विचारला, तरी आढाव्याच्या यादीतून संशोधनाचा विषय उभा राहतो. पूर्वसूरींना केवळ नमस्कार करण्यापेक्षा त्यांच्याशी वाद घालणे हा त्यांचा अधिक मोठा आदर आहे.

परिकल्पना : मानून चालणे आणि मानणे

मराठीतील आराखड्यांत ‘गृहीतके’ आणि ‘परिकल्पना’ यांची सर्रास गल्लत होते. गृहीतक म्हणजे जे न तपासता मान्य करून पुढे जायचे ते. परिकल्पना म्हणजे जे तपासायचे आहे ते तात्पुरते विधान. उर्दूत परिकल्पनेला मफरूजा म्हणतात. ‘फर्ज करणे’ म्हणजे क्षणभर मानून चालणे. पण ‘फर्ज’ या शब्दाचा कर्तव्य हाही अर्थ आहे, आणि आपल्या आराखड्यांत नेमका हाच घोटाळा होतो. जे मानून चालायचे होते ते सिद्ध करणे हे कर्तव्य होऊन बसते.

फारसी-मराठीच्या विषयात तर दोन तयार उत्तरे वाटच पाहत असतात. एक म्हणते, हे शब्द म्हणजे आक्रमणाच्या खुणा. दुसरे म्हणते, हे शब्द म्हणजे समन्वयाचे पुरावे. मुस्लिम शिक्षण संस्थांतील अध्यापकाचा कल साहजिकच दुसऱ्या उत्तराकडे असतो. आपल्या पूर्वजांचे या मातीतील योगदान दाखवावे ही भावना समजण्यासारखी आहे, आणि योगदान नाकारले जाण्याचा अनुभव असेल तर ती अधिकच तीव्र होते. परंतु ‘फारसी शब्दांमुळे सामाजिक सौहार्द वाढीस लागले’ ही परिकल्पना कोणत्या पुराव्याने खोटी ठरेल, हे आराखडा सांगू शकत नाही. जी खोटी ठरूच शकत नाही ती परिकल्पना नव्हे, ती श्रद्धा होय. श्रद्धेला तिचे स्थान आहे. संशोधन समितीपुढे ते नाही. शिवाय समोरचा अभ्यासक तेच शब्द घेऊन उलट निष्कर्ष काढतो तेव्हा अशा प्रबंधापाशी उत्तर नसते. दोघांनीही शब्द मोजलेले असतात, प्रश्न मात्र कोणीच विचारलेला नसतो.

या संदर्भात माधवराव पटवर्धनांचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. फारसीचा हा व्यासंगी प्राध्यापक पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला. १९३८ चे त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक त्याची साक्ष आहे. त्यांची ती भूमिका न पटणाऱ्या वाचकालाही त्यांचा १९२५ चा कोश मात्र हाताशी ठेवावा लागतो, कारण शब्द कुठून आला आणि त्याचे मूळ काय, ही नोंद भूमिकेवर अवलंबून नाही. भूमिका बदलली तरी टिकेल असे काहीतरी हाती लागले पाहिजे. आराखड्याने हीच हमी द्यायची असते.

विषयाची फेरमांडणी

नमुना विषय टाकून द्यावा असे नाही. तो लहान करावा. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणाऱ्याला वर्गात रोज एक गोष्ट जाणवते. शब्द तोच, अर्थ वेगळा. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत प्रयत्नांची शिकस्त केली जाते. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. मराठीत आक्षेप किंवा अडथळा. तालीम उर्दूत शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाची पूर्वतयारी. राजीनामा म्हणजे उर्दूत तडजोडीचा लेख. मराठीत पदत्याग, ज्याला उर्दू इस्तीफा म्हणते.

‘प्रभाव’ या शब्दात मराठी नुसती घेणारी ठरते. अर्थांतराकडे पाहिले की ती घेतलेल्या शब्दाचे स्वतःच्या गरजेप्रमाणे काहीतरी करणारी भाषा दिसते. आणि प्रश्न आपोआप नेमका होतो : निवडक फारसी-अरबी शब्दांचा अर्थ मराठीत केव्हा आणि कोणत्या प्रकारच्या व्यवहारात बदलला?

‘राजीनामा’ हा शब्द घेऊन परिकल्पना अशी मांडता येईल. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुली व्यवहारात राजीनामा म्हणजे रयतेने जमीन सोडून दिल्याचा लेख आणि कबुलायत म्हणजे ती पत्करल्याचा लेख. जमीन सोडण्याच्या या अर्थातून पद सोडण्याचा अर्थ आला असावा. ही परिकल्पना चूक ठरू शकते. महसुली वापर रुळण्यापूर्वीच्या पेशवेकालीन कागदात राजीनामा शब्द पदत्यागाच्या अर्थी सापडला की ती कोसळली. हे कलम आराखड्यातच लिहून ठेवावे. ते लिहिल्याने आराखडा दुबळा होत नाही, उलट भक्कम होतो.

पर्यायी स्पष्टीकरणालाही जागा ठेवावी लागते. पदत्याग या अर्थाने राजीनामा कन्नड, तेलुगू आणि गुजरातीतही आहे. मग तो मराठी कारभाराबरोबर तिकडे गेला, की दख्खन-गुजरातच्या फारसी कारभारात आधीच रूढ होता, की इंग्रजी कचेऱ्यांनी सर्वत्र नेला? येथे बेळगाव, हैदराबाद आणि वडोदरा येथील अध्यापकांना पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाहून अधिक सोय आहे. शेजारची भाषा त्यांच्या कानावर रोज पडते. वडोद्याला तर १९३१ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या संज्ञांचा बहुभाषिक कोश निघाला; त्यात मराठी, गुजराती, उर्दू आणि फारसी प्रतिशब्द एकत्र आहेत.

साधने व पद्धती

‘वर्णनात्मक, विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला जाईल’ हे वाक्य नमुना आराखड्यात हमखास असते. वाचणाऱ्याला त्यातून संशोधक सोमवारी सकाळी काय करणार हे कळत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिता येईल. तीस शब्द निवडावेत आणि निवडीचा निकष सांगावा. प्रत्येकाचा अर्थ मोल्सवर्थ (१८५७), विल्सनचा न्यायालयीन व महसुली संज्ञांचा कोश (१८५५) आणि प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४) यांत पाहावा. मग गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ दरम्यान संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांपैकी ठरावीक खंडांतून त्या शब्दांचे प्रयोग टिपावेत आणि प्रत्येक प्रयोगापुढे साल, कागदाचा प्रकार आणि अर्थ अशी नोंद करावी.

या नोंदी सरळ रेषेत येणार नाहीत याचीही तयारी हवी. ‘मजकूर’ पाहावा. जुन्या कागदांत ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर उल्लेखिलेला गाव. हा उर्दूतील आजचाही अर्थ. पण ‘तिकडील मजकूर’ म्हणजे तिकडची हकीकत, हाही प्रयोग जुन्या पत्रांत आढळतो. जुना अर्थ गेला आणि नवा आला असे न घडता दोन्ही अर्थ शेजारी नांदले. अशा नोंदी परिकल्पनेत बसत नाहीत म्हणून गाळण्याचा मोह होतो. खरे म्हणजे प्रबंधातील उत्तम प्रकरण तेथेच असते.

मर्यादा व कालनियोजन

‘मर्यादा’ या मथळ्याखाली वेळेचा व पैशाचा अभाव सांगण्याची प्रथा आहे. सांगायची असते ती पुराव्याची मर्यादा. छापील खंड हे निवडलेले कागद आहेत. निवड करणाऱ्याची दृष्टी राजकीय इतिहासाची होती, भाषेची नव्हती. मूळ मोडी कागद पाहायचे तर मोडी वाचता आली पाहिजे, आणि फारसी फर्मानांसाठी शिकस्ता लिपी. यांपैकी जे येत नसेल ते शिकण्यासाठी कालनियोजनात महिने धरावेत किंवा तो कागदसमूह व्याप्तीबाहेर ठेवावा. आठवड्याला सोळा-अठरा तासिका, परीक्षांची कामे आणि प्रवेशाचे दिवस धरून वर्षाचे किती आठवडे खरोखर मोकळे राहतात, हा हिशेब आराखड्याआधी करावा.

समारोप

आराखडा म्हणजे निष्कर्षाची आगाऊ जाहिरात नव्हे. काय ठाऊक नाही, ते कोठे शोधायचे आणि काय सापडले तर आपण चूक ठरू, या तीन गोष्टींची ती लेखी कबुलायत आहे. या कसोटीवर नमुना आराखड्यातील बरीच पाने गळून पडतील, आणि उरलेल्या चार-पाच पानांवर काम उभे राहील. मराठी आणि उर्दू दोन्ही घरात असणाऱ्या अध्यापकांनी हे शब्द कोणत्याही बाजूचे साक्षीदार म्हणून उभे करू नयेत. त्यांची जबानी नीट नोंदवून घ्यावी. योगदान काय होते हे मग सिद्ध करावे लागत नाही. नोंदी जपून केल्या असतील, तर ते वाचणाऱ्याला दिसतेच.