अंताची कल्पना आणि चुकलेले भाकीत

जगाच्या अंताविषयीच्या धर्मश्रद्धांचे मूळ शोधताना अभ्यासकांचा कल बहुधा उसनवारीचा माग काढण्याकडे असतो. नॉर्मन कोन यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात हे मूळ जरथुश्त्राच्या शिकवणुकीत दाखविले. परंतु जरथुश्त्राचा काळ वादग्रस्त आहे, आणि जगाच्या अखेरीचे सविस्तर वर्णन करणारा 'बुन्दहिश्न' हा पहलवी ग्रंथ इस्लामच्या उदयानंतर सिद्ध झालेला आहे. शिवाय उसनवारी मान्य केली, तरी घेणाऱ्याला ती कल्पना का हवीशी वाटली, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर हिब्रू बायबलातील दानीएलाच्या ग्रंथाच्या रचनेत सापडते. त्यातील द्रष्टा इ.स.पू. सहाव्या शतकात बाबिलोनच्या दरबारी आहे. दृष्टान्तांचे लेखन मात्र इ.स.पू. १६७ नंतरचे. त्या वर्षी अँटिओकस चौथा याने जेरुसलेमचे मंदिर भ्रष्ट करून यहुदी आचारांवर बंदी घातली. धर्माज्ञा मोडणाऱ्यास शासन होते, ही जुनी धारणा होती. येथे धर्माज्ञा पाळणाराच मारला जात होता. इतिहासात न्याय मिळेना, तेव्हा तो इतिहासाच्या शेवटी ठेवावा लागला. मृतांच्या पुनरुत्थानाची स्पष्ट ग्वाही याच ग्रंथात मिळते, ती यामुळेच.

या ग्रंथात घडून गेलेला इतिहास भविष्यकाळात सांगितला आहे. पुराणांतही कलियुगातील नंद, मौर्य इत्यादी राजवंशांची वंशावळ याच रीतीने येते. निवेदनाची युक्ती एकच. पण पुराणांत कल्कीनंतर पुन्हा कृतयुग येते, तर दानीएलाच्या ग्रंथात काळाला परतीची वाट नाही. त्यामुळे अंताच्या तिथीला तेथे जे निर्णायक महत्त्व येते, ते चक्राकार कालकल्पनेत येऊ शकत नाही.

आणि नेमकी तिथीच चुकते. अँटिओकसचा अंत समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्या दरम्यान होईल, असे भाकीत आहे. प्रत्यक्षात तो इ.स.पू. १६४ मध्ये पर्शियाच्या बाजूला वारला. या चुकीवरूनच ग्रंथाचा काळ ठरविता येतो. शेवटच्या अध्यायात आधी १२९० आणि लगेच १३३५ दिवसांची मुदत येते. हे फेरगणित असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

फ्रँक करमोड यांनी १९६७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, शेवटाच्या अपेक्षेने मधल्या काळाला अर्थ येतो. म्हणून भाकीत खोटे ठरूनही ती अपेक्षा टिकते. मात्र करमोड यांच्या विवेचनात ही गरज प्रामुख्याने मानवी मनाची ठरते. दानीएलाचा ग्रंथ तिला विशिष्ट सत्तेच्या विशिष्ट जुलमाशी बांधतो. अंतकथेची समीक्षा करताना हा जुलूम वगळला, तर उरतो तो केवळ आकृतिबंध. आणि ज्यांच्यासाठी ही कथा रचली गेली, ती माणसे तिच्यातून नाहीशी होतात.