दहा नॅनोसेकंदांचे आवर्तन

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने लिहून दिलेल्या कोटेशनच्या चिठ्ठीत तीनच ओळी होत्या: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, आणि तिसरी, भाजीवर घातलेल्या कोथिंबिरीसारखी, '३२ जीबी रॅम'. कुठली रॅम, असे विचारले तर कॅल्क्युलेटरवरून नजर न उचलता तो म्हणाला, "कुठलीही घ्या साहेब, बत्तीस म्हणजे बत्तीस." घरचा संगणक नवा करायला निघालेल्या बहुतेकांचा हिशेब असाच असतो, प्रोसेसरचे नाव मुखोद्गत, बोर्ड खिशाला झेपेल तो, आणि रॅम वजनावर. माझे मन मात्र अडकले ते रॅमच्या खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या चार आकड्यांत: ३०-३८-३८-९६. आज आपण त्यांच्यापाशीच जरा रेंगाळू.

रॅमच्या चिपमध्ये माहितीचे कण आडव्या ओळी आणि उभे स्तंभ अशा जाळीत मांडलेले असतात; आधी ओळ उघडायची, मग तिच्यातला हवा तो स्तंभ मागायचा. ओळ उघडायला लागणारे ठोके, ती मिटायला लागणारे ठोके आणि ती निदान किती ठोके उघडी राहावी याची मर्यादा हे मागचे तीन आकडे सांगतात. पहिला, म्हणजे ३०, सांगतो की उघड्या ओळीतून मागणी केल्यावर उत्तर यायला किती ठोके जातात. आता या रॅमवर '६०००' असे लिहिलेले असते, पण प्रत्येक ठोक्याला माहिती दोनदा जाते, म्हणजे खरे ठोके सेकंदाला ३०० कोटी. अशा लयीतले ३० ठोके म्हणजे बरोबर दहा नॅनोसेकंद, सेकंदाचा दहा कोटीवा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम तीन मीटर जातो, आपल्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

इथपर्यंत हे नुसते गणित आहे. रस सुरू होतो तो माळ्यावरचे जुन्या सुट्या भागांचे खोके खाली काढल्यावर. डीडीआर-४०० रॅमची उत्तम प्रतीची पट्टी घ्या: सेकंदाला २० कोटी ठोके, आणि उत्तराला लागत २ ठोके. डीडीआर२-८०० मध्ये ठोके दुप्पट झाले, आकडा झाला ४. डीडीआर३-१६०० मध्ये ८. डीडीआर४-३२०० मध्ये १६. प्रत्येक वेळी भागाकार करून पाहा, उत्तर तेच येते: दहा नॅनोसेकंद! ठाय, दुगुन, चौगुन, अठगुन; मात्रांच्या पोटात मात्रा वाढत गेल्या, बोल दाट होत गेले, पण आवर्तनाचा काळ तिळमात्र हलला नाही. पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेल्या, जाहिरातींनी वेगाचे ढोल बडवले, आणि त्या सगळ्या गदारोळाखाली हा एक विलंबित ठेका कुणीतरी शांतपणे धरून बसला आहे, हे ज्या क्षणी ध्यानात येते त्या क्षणी हातातली ती हिरवी पट्टी आपल्याला निराळीच दिसू लागते.

मग इतक्या वर्षांत मिळाले काय? भरणा. त्या जुन्या पट्टीतून सेकंदाला ३.२ जीबी माहिती वाहत होती, या नव्या एकेका पट्टीतून ४८ जीबी वाहते. उत्तराला उशीर तेवढाच, पण आले की ओंजळीच्या जागी घागर येते. तरीही प्रोसेसरच्या बाजूने पाहिले तर हा उशीर जीवघेणाच आहे. ७६०० चा वेग कमाल ५.१ गिगाहर्ट्‌झपर्यंत चढतो. म्हणजे या दहा नॅनोसेकंदांत त्याचे ५१ ठोके जातात, आणि मागणीचा सगळा येण्याजाण्याचा प्रवास धरला तर याच्या कितीतरी पट. म्हणून तर त्याने हाताशी ३२ एमबीची कॅश बाळगली आहे, मिसळणाच्या डब्यासारखी. हळद-मोहरीसाठी दर वेळी कोठीच्या खोलीपर्यंत जावे लागू नये. ७८००एक्स३डी या त्याच्या थोरल्या भावाने तर डब्यावर आणखी डबा रचून ती ९६ एमबी केली आहे. मला मोह झाला होता, खिशाने आवरला.

आणि बोर्ड! दुकानात त्याचे कौतुक होते ते दिव्यांसाठी. आपण तो खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरावा आणि प्रोसेसरची बैठक व रॅमच्या खाचा यांच्यामधली जागा निरखावी. तिथे तारांच्या बारीक रेघा आहेत, आणि त्यांतल्या काही सरळ जायचे सोडून उगाच नागमोडी वळणे घेतात. ते उगाच नाही. ज्यांचा रस्ता मुळात जवळचा, त्यांना मुद्दाम वळसे दिले आहेत, लांबून येणाऱ्यांबरोबर त्यांनीही समेवर एकदमच पोचावे म्हणून. या दाटीमुळेच पट्ट्या दोन असाव्यात, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. चारही खाचा भरल्या, तर या प्रोसेसरची अधिकृत गती ३६०० पर्यंत उतरते. तेव्हा १६ च्या दोन आणि ८ च्या चार यांची बेरीज एकच असली, तरी बत्तीस म्हणजे बत्तीस नव्हे.

प्रोसेसरच्या अंगावर पूर्वी १३३१ पिना असत, आता बोर्डावर १७१८ स्पर्शबिंदू आहेत. याचा आनंद मला जरा खासगी आहे. जुना प्रोसेसर काढताना मी घाईने हीटसिंक सरळ वर ओढला होता, आणि वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून हातात आला, एका कोपऱ्यातल्या तीन पिना वाकवून. शिसे काढलेल्या पेन्सिलीच्या टोकात एकेक पिन धरून ती सरळ करताना आलेला घाम अजून आठवतो.

चिठ्ठीतले तिन्ही नवे भाग घरी बसवले. पट्ट्या आधी ४८०० च्या सावध लयीत उठल्या; बायोसमध्ये जाऊन पट्टीवरची छापील गती लावणारी 'एक्सपो' ही सोय चालू केली, तेव्हा ६००० ची आज्ञा झाली, आणि पडदा काळा पडला. पंखे फिरताहेत, दिवा लागलेला, बाकी काही नाही. यालाच मेमरी ट्रेनिंग म्हणतात: प्रत्येक तारेवरचा संकेत नेमका कुठल्या क्षणी टिपायचा, हे बोर्ड एकेक करून लावून घेतो. तानपुऱ्याच्या खुंट्या पिळत, जवारीचा दोरा सरकवत बसलेल्या कलावंतासमोर जसे आपण खोकायलाही संकोचतो, तसा मी बसून होतो.

आई डोकावली. "का रे, नवाकोरा बंद पडला की काय?"

"नाही, जुळवतोय."

"मग होऊ दे सावकाश," म्हणाली, आणि चहाचा कप टेबलावर ठेवून पलंगाच्या कडेला टेकली. चहा निम्मा झाल्यावर पडदा उजळला. कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत ६००० लिहिले होते.