सुरतेत डिझाइन शिकवतं कोण?

पर्वत पाटियापासून गोडादरा, लिंबायत, डिंडोलीपर्यंतच्या वस्त्यांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबं कापडावर जगतात. कुणी लूमवर, कुणी प्रोसेस हाऊसमध्ये, कुणी रिंग रोडच्या मार्केटात. त्यांची कॉलेजात जाणारी मुलं आता डिझायनर व्हायचं म्हणतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येतं ते सॉफ्टवेअरचं शिक्षण. फोटोशॉप, कोरल ड्रॉ, एम्ब्रॉयडरीचं पंचिंग यायलाच हवं, त्यावर घर चालतं. मात्र इंटरनेटवरून बुट्टी उचलायची, रंग बदलायचे आणि फाईल द्यायची, एवढ्यालाच डिझाइन म्हणणं ही मुलांची फसवणूक आहे.

खरं डिझाइन कुठे लागतं ते पाहायला साधा रिपीट, म्हणजे कापडावर पुन्हापुन्हा येणारी नक्षी, घ्या. रोटरी छपाईच्या स्क्रीनचा घेर साधारण 64 सेंटीमीटर असतो. नक्षी त्यात बरोबर बसली पाहिजे. कॉम्प्युटरवर तिचा एक चौकोन देखणा दिसतो. तोच साडीभर पसरला की फुलांमधल्या मोकळ्या जागा एका ओळीत येतात आणि कापडावर नको असलेला पट्टा उमटतो. मग ओळ अर्ध्या घराने सरकवावी, की एखादं पान तिरकं घालून ती फट मोडावी? कोणतं पान, किती तिरकं? इथे विद्यार्थ्याची स्वतःची बुद्धी चालू लागते. त्यासाठी छापलेला तागा भिंतीवर टांगून दहा फुटांवरून विद्यार्थ्यासोबत बघणारा शिक्षक लागतो. डिजिटल छपाईने घेराचं बंधन सैल केलं, पण पट्टा हेरणारी नजर मशीनबरोबर मिळत नाही.

अशी नजर घडवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. बडोद्याच्या कलाशाखेत 1950पासून चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकवत होते. अमेरिकी डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारतातल्या डिझाइनवरच्या 1958च्या अहवालात आपल्या साध्या लोट्याकडे डिझाइन म्हणून पाहायला शिकवलं. 1961मध्ये अहमदाबादला एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन केंद्र 1969चं, सुधाकर नाडकर्णींनी उभारलेलं, र. कृ. जोशींनी तिथे अक्षरकलेचे विद्यार्थी घडवले. वर्कशॉपमध्ये हाताने करायचं आणि केलेलं सगळ्यांसमोर मांडून टीका ऐकायची, ही या शिक्षणाची खरी ताकद.

ऑनलाइन शिक्षण नेमकं इथे कमी पडतं. आयडीसीच्या पुढाकाराने झालेला डी-सोर्स हा डिझाइन शिकण्याचा मोफत ऑनलाइन खजिना मोठ्या संस्थेत प्रवेश न मिळालेल्या मुलासाठी फार मोलाचा आहे. पण त्यातला बहुतेक मजकूर इंग्रजीत आहे, आणि महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला तो जड जातो. याहून मोठी उणीव ऑनलाइन वर्गाच्या रीतीत आहे. विद्यार्थी एकच पक्की इमेज पाठवतो, शिक्षक एक शेरा देतो. त्याआधी काय काढलं, काय खोडलं, का खोडलं, हे कुणालाच कळत नाही. सर्जनशीलता शिकवता येते असं मी ठामपणे मानतो, पण ती या खोडलेल्या कागदांवरच शिकवता येते.

ही रीत बदलायला पैसा फारसा लागत नाही. सगळ्यांची कच्ची रेखाटनं आधी एका पानावर येऊ द्या आणि मुलांना ती मराठीत, हिंदीत, गुजरातीत बोलत एकमेकांची तपासू द्या. नक्षीचे प्रिंट जोडून पूर्ण पदराएवढे करा आणि घरातल्यांना दाखवा. वडील छपाई खात्यात असतील, आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवत असेल, तर त्यांच्याइतकं कापड कोणत्या प्राध्यापकाने हाताळलंय? त्यांचं मत वहीत लिहून घ्या.

सुरतेतल्या कॉलेजांना एवढीच विनंती: येत्या सत्रापासून निम्मे गुण पक्क्या फाईलला आणि निम्मे कच्च्या कामाला द्या.